कुलपात अडकलेली पांदण

थांबा, थांबा, लगेच बंद करू नका! मी फाईल बोलतेय. लाल दोरीची, कोपरे दुमडलेली, पोटावर चहाच्या कपाचा गोल उमटलेली ती कागदी फाईल नव्हे. ती आमची थोरली मावशी. मी संगणकातली फाईल. वजन शून्य, अंगकाठी चिमूटभर आणि बोलायची हौस मात्र पोतंभर. सतरा वर्षं तोंड बंद ठेवून बसा, म्हणजे तुम्हालाही कळेल हौस कशी साचते ते.

माझं नाव 'पाणंद फायनल दोन'. सरकारी कागदात पाणंद, आमच्या गावाकडं पांदण. शेताशेतांच्या मधून माणसं आणि जनावरं जायची वाट. आणि 'फायनल दोन' कशासाठी, तर 'फायनल एक'मध्ये चुका निघाल्या म्हणून. माणसांचं शेवटचं कधी पहिल्या झटक्यात शेवटचं नसतं, हे मला जन्माच्या दिवशीच कळलं.

जन्म दोन हजार तीनच्या उन्हाळ्यातला. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याची कचेरी. कुठला तालुका ते सांगत नाही, उगाच कुणाचं नाव कशाला घ्या! त्या कचेरीत पहिला संगणक आला तेव्हा त्याला झेंडूचा हार घातला, पुढ्यात नारळ फोडला. नारळाचं पाणी उडालं ते नेमकं कळफलकावर. पुढं महिनाभर 'क' एकदा दाबला की पाच वेळा उमटायचा. त्या महिन्यातल्या पत्रांत एका कुलकर्णींचं आडनाव दीड ओळीचं झालं होतं.

मला घडवलं रामप्रसाद क्लार्कनी. ते दोन बोटांनी टाईप करायचे, पण त्या दोन बोटांत दहा बोटांचा उत्साह! त्यांना एक खोड होती. समोरचा माणूस जसा बोलेल, अगदी तसंच लिहायचं. साहेब म्हणायचे, "अहो, जबाब जरा सरकारी भाषेत घ्या." रामप्रसाद म्हणायचे, "साहेब, माणूस गावचा हाय, मग जबान सरकारची कामून?"

त्या वर्षी कवठाळी गावाच्या शिवारातून नवा कालवा गेला होता. कालव्यानं जुनी पांदण मधोमध तोडली. माळावरच्या वस्तीतली शेळ्या-मेंढ्या राखणारी घरं अडकून पडली, कारण त्यांच्या जनावरांचं पाणी ओढ्याच्या डोहावर आणि डोह पलीकडं. मग गावानंच बसून वाट जरा बाजूला सरकवली, दोन शेतांच्या बांधांवरून नेली. कचेरीनं त्या नव्या वाटेची मोजणी केली. रामप्रसाद दिवसभर कवठाळीच्या लिंबाखाली बसून एकेकाचं म्हणणं वहीत उतरवत होते. दुसऱ्या दिवशी ती वही समोर ठेवून त्यांनी मला टाईप केलं. सात पानं. वाट कुठून निघते, कुठल्या गटाच्या बांधावरून जाते, किती फूट रुंद, वस्तीवर कोण राहतं आणि कोण काय म्हणालं, सगळं माझ्या पोटात.

आता माझ्या घराण्याबद्दल. मी 'लेखणीराजा'त जन्मले. लेखणीराजा म्हणजे मराठी टाईप करायचा एक प्रोग्राम. एका कंपनीचा माणूस टाय बांधून आला आणि तो संगणकात घालून गेला. सोबत काडेपेटीएवढं एक काळं कुलूप दिलं. ते संगणकाच्या पाठीत खोचलेलं असेल तरच लेखणीराजा जागा व्हायचा, आणि लेखणीराजा जागा असेल तरच मी उघडायची. माझी अक्षरं पोटात कशी रचून ठेवली आहेत, हे फक्त त्या कंपनीला ठाऊक. दुसरं कुणी मला वाचूच शकत नाही म्हणून मी काय मिरवायची! शेजारच्या साध्यासुध्या फाईलींकडं बघून नाक मुरडायची. वाटायचं, आपण राजवाड्यातल्या.

चार वर्षांनी कंपनी बंद पडली. राजा गेला, राजवाडा गेला आणि मी आत कोंडलेली.

माझी एक कागदी प्रत अभिलेखाच्या खोलीत लाल रुमालात बांधून ठेवली होती. तिला वाळवी लागली. वाळवीनं मला पहिल्या पानापासून सातव्यापर्यंत एकही ओळ न गाळता संपवलं. इतकं मन लावून मला तोवर कुणीच वाचलं नव्हतं.

मग माझी फिरती सुरू झाली. फ्लॉपीत गेले, फ्लॉपीतून सीडीवर, सीडीवरून नव्या संगणकात, तिथून आणखी नव्या. दर बदलीला मला 'नवीन फोल्डर' नावाच्या खोलीत ढकलायचे. त्या खोलीत आणखी एक 'नवीन फोल्डर', त्याच्या पोटात तिसरा. माणसं लेकरांची नावं ठेवायला पंचांग उघडतात आणि फोल्डरला नाव द्यायचं म्हटलं की त्यांना घाई होते. शेवटी मी 'रामप्रसाद जुने' या फोल्डरात येऊन पडले. तोवर स्वतः रामप्रसाद निवृत्त होऊन गावी गेले होते.

आणि गेल्या हिवाळ्यात कचेरीच्या दारात दगडाबाई आली.

दगडाबाई म्हणजे माळावरच्या वस्तीवरची. वय सत्तरीचं, पदर खोचलेला, हातात काठी. मागं शेळ्या नव्हत्या एवढंच. आवाज मात्र चाळीस शेळ्या वळवायचा. नायब तहसीलदार राजेश्री मॅडमच्या टेबलासमोर उभी राहून ती म्हणाली, "मॅडमबाई, माणिकरावानं पांदणीला तार ठोकली. माझ्या बकऱ्या आता डांबरी सडकंनं डोहाला जायल्यात. परवा दोन करडं टेम्पोखाली गेली. उद्या माणूस जाईल. तवा कागद काढनार का?"

माणिकरावांनाही बोलावलं होतं. पांढरा सदरा, साठीचे, दांडगे शेतकरी. ते म्हणाले, "वाट न्हवतीच तिथं. मी हळद लावलीय, हिच्या बकऱ्या शेंडे खातेत. आन् नकाशा बगा ना मॅडम. हाय का कुठं वाट?"

नकाशात वाट नव्हती. नकाशा कालव्याच्या आधीचा होता.

"नकाशाला काय ठावं?" दगडाबाई उसळली. "नकाशा कवा बकऱ्या घिऊन पाण्याला गेलता का?"

राजेश्री मॅडमना हसू आलं, पण खुर्ची हसू देईना. त्या म्हणाल्या, "आजी, मोजणी झाली होती म्हणता ना? मग तिचा कागद पाहिजे. पंधरा दिवसांनी, सोमवारी पुढची तारीख. कागद सापडला तर वाट. नाही सापडला तर माझे हात बांधलेले."

कचेरीतले मोठे बाबू शोधायला निघाले, म्हणजे खुर्चीतून अर्धे उठले. लाल रुमाल सोडला, त्यातून वाळवीचा भुसा टेबलावर सांडला. त्यांनी समाधानानं हात झटकले आणि पत्र तयार केलं, 'सदर अभिलेख उपलब्ध नाही.' खाली लहान सही करायला पत्र दीपिकाकडं दिलं.

दीपिका जिंतूरची. नोकरीला लागून आठच महिने झाले होते. तिनं पत्र वाचलं आणि पेनाचं टोपण परत लावलं.

"बाबू, संगणकात बघितलंय का?"

"त्यात काय असतंय? सगळं जुनं कचरा हाय."

"मग कचरा बघून सही करते."

मला हे सगळं ऐकू येत होतं. मी त्याच यंत्रात होते ना! इकडं या, इकडं या, असं मी आतून ओरडत होते. दीपिकानं पहिला नवीन फोल्डर उघडला, दुसरा उघडला, तिसरा उघडला. तीन दिवस ती जेवणाच्या सुट्टीत डाव्या हातात पोळीची गुंडाळी धरून उजव्या हातानं शोधत होती. चौथ्या दिवशी 'रामप्रसाद जुने'. आणि माझ्या नावावर येऊन बाण थांबला.

टिक टिक!

सतरा वर्षांनी कुणीतरी माझ्या पाठीवर दोनदा टिचकी मारली हो! मी धावत सुटले. सातही पानं सावरत, जबाब बगलेत मारून पडद्यावर उडी घेतली आणि घसा फोडून बोलले, "कवठाळी शिवारातील पाणंद!"

पडद्यावर उमटलं काय? चौकोन. प्रश्नचिन्हं. एक उलटा स्वल्पविराम. मग पुन्हा चौकोन, चौकोन, चौकोन.

मोठे बाबू मान वाकडी करून बघत म्हणाले, "ही तर चिनी फाईल दिसायली."

शिपाई म्हणाला, "न्हाई हो, जन्तर हाय. मोठ्यानं वाचू नका."

मला इतकी लाज वाटली! सभेत भाषणाला उभं राहावं आणि तोंडातून नुसती उचकी यावी, तसं झालं. पण दीपिका हसली नाही. तिनं माझ्या नावामागचं तीन अक्षरांचं शेपूट बदलून पाहिलं; मला दुसऱ्याचा सदरा घातल्यासारखं झालं, अक्षरं काही बदलली नाहीत. तिनं चार वेगवेगळ्या प्रोग्रामांत मला उघडून पाहिलं. चारही ठिकाणी मी चौकोनच बोलले. एका मैत्रिणीनं फोनवर सांगितलं की अमक्या साईटवर टाक, फुकट बदलून मिळतं. दीपिकाचं बोट बटनापर्यंत गेलं आणि थांबलं. "यात लोकांचे जबाब असतील. परक्याच्या हाती कसे देऊ?" ती म्हणाली.

मग तिनं फोल्डरचं नाव पुन्हा वाचलं आणि शिपायाला विचारलं, "हे रामप्रसाद कोण? आहेत का?"

"आहेत की! बोरीच्या पल्याड ऱ्हातेत. लय मजेत हायत."

रविवार उजाडला. सोमवारी तारीख. दीपिकानं राजेश्री मॅडमची रीतसर परवानगी घेऊन मला पेनड्राइव्हवर चढवलं होतं. तिच्या पर्समध्ये मी, केसांचा एक चाप, अर्धी चिक्की आणि एसटीचं तिकीट, असे चौघं बोरीला निघालो. जन्मभर कचेरीत बसलेली मी! खड्ड्यागणिक मी चापावर आपटत होते आणि मला काय गंमत वाटत होती!

रामप्रसाद अंगणात तुरी वाळवत बसले होते. दीपिकानं लेखणीराजाचं नाव काढलं आणि ते ताडकन उठले. "लेखणीराजा! आगं बाई! गीता, आगं ऐकलं का, लेखणीराजाला पाव्हणे आलेत!"

गीताबाई, म्हणजे त्यांची बायको, पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"काका, ते काळं कुलूप कुठं गेलं असेल?" दीपिकानं भीतभीत विचारलं.

रामप्रसादांनी डोकं खाजवलं. "संगणक भंगारात निघाला तवा मीच उचलून आणलं व्हतं. म्हणलं, काय ठावं कवा लागंल. पर ठिवलं कुठं..."

"हे घ्या," गीताबाई म्हणाल्या आणि कमरेचा किल्ल्यांचा जुडगा पुढं केला. कडब्याच्या खोलीच्या किल्लीला ते कुलूप दोरीनं बांधलेलं! "किल्ली सापडंना म्हणून हे जड लावलं. कुलपाला कुलूप लटकवून हिंडायले मी इतकी वर्सं."

"आणि लेखणीराजाची सीडी?"

आता मात्र दोघं एकमेकांकडं बघायला लागले. मग गीताबाईंनी शांतपणे शेताकडं बोट केलं. ज्वारीत तीन सीड्या सुतळीनं टांगल्या होत्या. वारा आला की उन्हात चमकायच्या आणि पाखरं उडायची. माझा राजा तिथं चिमण्या हाकत होता!

तिन्ही काढल्या. वरचं लिहिलेलं उन्हानं पार उडालं होतं. "तिन्ही घेऊ. फाट्यावर नागसेन हाय, त्यो काय बी फेकत न्हाई. त्याच्याकडं जुनं मशीन असंल," रामप्रसाद म्हणाले आणि चपला घालून दीपिकाच्या पुढं चालायला लागले.

देवगाव फाट्यावर नागसेनचं टीव्ही-संगणक दुरुस्तीचं दुकान. दुकान कसलं, पोट उघडून बसलेल्या यंत्रांचा दवाखानाच. नागसेननं सगळं ऐकून घेतलं, कुलूप उलटंसुलटं करून पाहिलं आणि आनंदानं मांडीवर थाप मारली. "ह्याला जागा असलेलं एकच मशीन हाय तालुक्यात आन् ते माझ्या खाटंखाली हाय!"

खाटेखालून एक पिवळं पडलेलं धूड निघालं. त्याला पेनड्राइव्हचं तोंडच नव्हतं, म्हणून नागसेननं मला एका कोऱ्या सीडीवर चढवलं. मग पहिली चिमण्या-सीडी घातली. यंत्र घरघरलं आणि पडद्यावर एकदम सनई-चौघडा! फेटे, अक्षता, मांडवात पळणारी माणसं.

"आगं, ही तर आमच्या अर्पिताच्या लग्नाची!" रामप्रसाद ओरडले. "आमी ही बारा वर्सं शोधायलोय!"

दीपिकानं घड्याळाकडं पाहिलं, पण बंद करा म्हणायचं तिच्या जिवावर आलं. लेक सासरी निघाली तिथंपर्यंत सगळ्यांनी लग्न पाहिलं. नागसेननं डोळे पुसले. तो तर लग्नाला गेलाही नव्हता.

दुसरी सीडी भजनांची. तिसरीवर लेखणीराजा, पण पाठीवर इतके ओरखडे की यंत्र तिला तोंडातून बाहेर काढायचं. नागसेननं कपाटातून टूथपेस्ट काढली. तळव्यावर घेऊन, मधून कडेकडं, हळूहळू, लेकराचं तोंड पुसावं तशी सीडी चोळली. धुतली, पुसली, घातली. नाही. पुन्हा चोळली. नाही. तिसऱ्यांदा घातली तेव्हा रामप्रसादांनी डोळे मिटून घेतले. यंत्र घुर्रर्र करून थांबलं आणि पडद्यावर मुकुट घातलेली लेखणी आली.

"आला! राजा आला!"

पण राजा म्हणाला, 'कुलूप आढळले नाही.' कुलूप तर मागं खोचलेलं होतं. नागसेननं ते काढून कानाशी हलवलं, मग जोरात फुंकलं. आतून कडब्याची एक काडी बाहेर पडली.

टिक टिक.

आणि मी उघडले! खरी उघडले! 'कवठाळी शिवारातील पाणंद रस्त्याची मोजणी', जशीच्या तशी, वेलांटी-उकारासकट. रामप्रसाद पडद्याला हात लावून म्हणाले, "माझंच हाय. हे बगा, 'बांधावरून'मधला अनुस्वार राहिला, ती माझीच चूक हाय."

तेवढ्यात लाईट गेली.

चौघं, मला धरून, अंधाऱ्या पडद्यासमोर बसलो. नागसेननं चहा सांगितला. दीपिका म्हणाली, "परत उघडेल ना हो? सीडी टिकेल ना? एवढी सरकारी मोजणी, आणि तिचा जीव एका ओरखड्यांच्या सीडीवर!"

"तसंच असतंय ते," नागसेन बशीत चहा ओतत म्हणाला. "ताई, आपली भाकर बगा. कशी करायची ते साऱ्या गावाला ठावं हाय. एक बाई माहेरी गेली तर दुसरी थापती, कुणी उपाशी ऱ्हात न्हाई. खुल्या फाईलीचं तसं असतंय. तिची रचना साऱ्यांना जाहीर, कुठल्याबी प्रोग्रामात उघडती. तुमच्या ह्या फाईलीची कृती एकाच कंपनीच्या पोटात व्हती. कंपनी गेली, फाईल उपाशी."

"मग आमच्या कचेरीत अजून बंद फाईलीच कशाला बनवतात?"

"कुणी इचारलंच न्हाई म्हणून."

दीपिकानं एसटीच्या तिकिटामागं 'खुली फाईल' असं लिहून ठेवलं. मला मात्र माझ्या जुन्या नखऱ्याची आठवण होऊन कसंनुसं झालं.

चार वाजता लाईट आली. यंत्र पुन्हा सुरू झालं, राजा पुन्हा आला, मी पुन्हा उघडले. आता कुणी वेळ घालवला नाही. आधी नागसेनच्या जुन्या प्रिंटरवर माझी सात पानं काढली. मग रामप्रसाद मोठ्यानं वाचायला लागले आणि दीपिका नागसेनच्या नव्या संगणकावर टाईप करायला लागली. आताच्या, कुठंही उमटणाऱ्या मराठी अक्षरांत. ओळीमागून ओळ मी नव्या अंगात जायला लागले. कसं वाटलं सांगू? तुरुंगातून सुटून थेट जत्रेत! पाचव्या पानावर दीपिका टाईप करता करता थांबली, तिनं ओळ पुन्हा वाचली आणि खुदकन हसली. रामप्रसादांनी ओठांवर बोट ठेवलं. "उद्या," ते म्हणाले.

शेवटी दीपिकानं मला खुल्या प्रकारात जतन केलं. नागसेननं लगेच मला आपल्या मोबाइलवर उघडून दाखवलं, दुसऱ्या प्रोग्रामात उघडून दाखवलं, तिसऱ्यात दाखवलं. तीनही ठिकाणी मी अस्खलित मराठी बोलले. एक चौकोन नाही! मग कचेरीचा कागद बाहेर राहू नये म्हणून त्यानं आपल्याकडच्या माझ्या सगळ्या प्रती दीपिकासमोर पुसल्या.

सोमवारी कचेरीत गर्दी झाली. माळावरची निम्मी वस्ती आली होती. माणिकरावही दोन पाहुणे घेऊन आले होते. दीपिकानं पानं मॅडमपुढं ठेवली, शेजारी ते काळं कुलूप आणि मूळ फाईलीची सीडी.

माणिकराव उठले. "मॅडम, हे काल टाईप केलंय. असं तर मीबी टाईप करीन, की समदं गाव माझंय म्हणून."

शंका रास्त होती. मला घाम फुटला, फाईलीला फुटतो तेवढा.

रामप्रसाद म्हणाले, "मोजणीला मी व्हतो. हात माझे. मूळ फाईल त्या सीडीत हाय, तिच्यावर तारीख हाय. पर मॅडम, आधी पाचवं पान वाचा. सगळ्यांना ऐकू जाईल असं."

राजेश्री मॅडमनी चष्मा लावला आणि वाचायला लागल्या.

"'मी भुजंगराव, वय बहात्तर, लिहून देतो. म्हंजे रामप्रसाद लिवायलाय आन् मी बोलायलोय. कालव्यापायी वाट सरकली, आता माझ्या बांधावरून जाती. जाऊ द्या. बारा फूट लिवा, धा नगं. दोन बकऱ्या भांडत चालल्या तर त्यास्नी जागा नगं का?'"

माणिकरावांचा चेहरा बदलला. भुजंगराव म्हणजे त्यांचे वडील. जाऊन अठरा वर्षं झाली होती.

मॅडम पुढं वाचत होत्या. "'माझी हरकत न्हाई. फकस्त दगडाबाईनं माझी लिंबाची रोपं राखावीत. तिच्या एका बोकडाला मी वळखून हाय.'"

"त्यो बोकड गुणी व्हता!" दगडाबाई मागून ओरडली. सगळे हसले.

"'आन् हेबी लिवा, गाळू नगा. माझा माणक्या मनानं वाईट न्हाई, पर हट्टी हाय. मी गेल्यावर त्यानं वाट आडवली तर त्याला हे वाचून दाखवा. म्हणावं, तू शाळंला गेलास ते रोज दुसऱ्याच्या बांधावरून गेलास. कुणी तार बांधली न्हवती.'"

मॅडम थांबल्या. माणिकराव खाली बघत होते, त्यांचे खांदे हलत होते. रडतायत की काय, म्हणून पाहुण्यानं पाठीवर हात ठेवला. पाहतो तर ते हसत होते. आणि रडतही होते. दोन्ही एकदम, एकाच तोंडानं.

"दादाच हे," ते म्हणाले. "'धा नगं'. असंच बोलायचे. हे दुसऱ्या कुणाच्या बापाला जमनार न्हाई." सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसून ते पुढं म्हणाले, "घरी फोटो हाय त्यांचा. बोलणं कुठंच न्हवतं. मॅडम, आजून एकदा वाचता का?"

मॅडमनी पुन्हा वाचलं. या वेळी कुणी हसलं नाही. मग मॅडमनी दगडाबाईचा जबाबही वाचला, तशी तीच पुढं आली. "माणिकराव, तुमच्या हळदीला माझी बकरी शिवली तर मला सांगा. मी तिचे कान उपटते. पर ह्या कागदात माझं वय पन्नास लिव्हलंय, ते खोटं हाय. मी कुठं पन्नासची व्हते तवा?"

"मावशी, तुमीच सांगितलं व्हतं," रामप्रसाद म्हणाले. "म्हणलात, पन्नास लिव, लोकं मान देतेत."

त्या दिवशी हुकूम निघाला. पण हुकूम गावात पोचायच्या आधी माणिकरावांनी स्वतः पक्कड घेऊन तार काढली, असं मागाहून कळलं. सगळ्यात पुढं म्हणे दगडाबाईची काळी शेळी गेली आणि वाटेत मध्येच उभी राहून लेंड्या टाकून मोकळी झाली. उद्घाटन झालं!

इकडं राजेश्री मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. "आजपासून या कचेरीतला प्रत्येक कागद खुल्या प्रकारातच जतन व्हायचा. असं करायचं धोरण वरून कधीचंच आलेलं आहे. आपण ते वाचून फाईलीत लावलं, एवढंच. उद्या मी नसेन, हे यंत्र नसेल, तो प्रोग्राम विकणारी कंपनी नसेल. कागद लोकांचा आहे, लोकांना उघडता आला पाहिजे."

मोठे बाबू म्हणाले, "मॅडम, सवय मोडायला वेळ लागंल."

"लागू द्या. आजपासून मोजते."

मग काय सांगू तुम्हाला! नागसेनचं ते पिवळं धूड टेम्पोत बसून वाजतगाजत कचेरीत आलं. रामप्रसाद महिनाभर रोज एसटीनं यायचे आणि माझी जुनी भावंडं एकेक करून सोडवायचे. अकराशे चाळीस जणी होतो आम्ही! कुणात विहिरींची यादी, कुणात शाळेच्या जागेचा ठराव. एकीत तर मोठ्या बाबूंचाच दोन हजार पाचमधला रजेचा अर्ज निघाला, 'पोटात दुखत असल्याने', आणि खालच्याच ओळीत चुकून राहिलेलं, 'मेव्हण्याच्या लग्नाची खरेदी यादी'. त्या दिवशी कचेरीत काम झालं नाही. मोठे बाबू आता कुठलीही फाईल जतन करताना दोनदा तपासतात आणि खुल्या प्रकाराशिवाय सहीच करत नाहीत.

मी आता चार ठिकाणी राहते. कचेरीत आहे, जिल्ह्याच्या साठ्यात आहे, कवठाळीच्या ग्रामपंचायतीत आहे. चौथं घर माणिकरावांच्या फोनमध्ये. त्यांनी रीतसर अर्ज करून माझी नक्कल घेतली.

लोकहो, माझं एवढंच मागणं आहे. ग्रामपंचायतीत, शाळेत, कचेरीत कुणी तुमचं नाव, तुमची जागा, तुमचं बोलणं संगणकात लिहायला लागलं तर लाजू नका, विचारा: ही फाईल उद्या कुणालाही, कशातही उघडता येईल ना? समोरचा कपाळाला आठ्या घालेल. घालू द्या. तुम्ही उत्तर मिळेपर्यंत उभे राहा.

आणि कधी कवठाळीच्या बाजूला आलात तर मला जरूर उघडा. कुठलंही यंत्र चालेल, कुठलाही प्रोग्राम चालेल. पाचव्या पानावर आलात की मात्र मोठ्यानं वाचा. भुजंगरावांना हळू बोललेलं आवडत नसे.